बांधावर आलेल्यांची नावे

पनवेल, २७ मार्च १९५०

चि. दयारामास,

ताईचा आशीर्वाद. दोन वर्षांत ताईने एक कार्ड टाकलं नाही आणि आज पानंच्या पानं लिहायला बसली, म्हणजे काहीतरी अडलं असणार हे तू ओळखशीलच. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. तू गाढव नाहीस, वकील आहेस, एवढाच फरक.

आपल्या काशीरामला शुक्रवारी धरून नेलं. नांदखारला जीप आली तेव्हा तो जेवायला बसला होता. मालूने नवऱ्यासाठी जिताड्याचं कालवण केलं होतं. फौजदार दारातून म्हणाला, "हात धू आणि चल." दाजींनी विचारलं, माझ्या पोराने काय केलं? तर म्हणे वरून हुकूम आहे. मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चौकीवर गेले. म्हटलं, निदान जामिनाचं तरी सांगा. फौजदार सभ्यपणे म्हणाला, "बाई, खटला असला तर जामीन. इथे खटलाच नाही. ही स्थानबद्धता आहे." म्हणजे गुन्हा केला असता तर बरं झालं असतं, असा त्याचा अर्थ मी लावला.

मिठागरावरच्या माणसांच्या बाजूने तो दोन-चारदा शेठजींशी भांडला होता, ते तुला ठाऊक आहे. पण भांडला म्हणजे बोलला. त्याने कुणाच्या अंगाला हात लावलेला नाही. त्याला घाटावरच्या तुरुंगात ठेवलंय एवढं कळलं. किती दिवस ते कोणी सांगत नाही.

तू आमच्या घरी राहून शिकलास, दाजींनी काशीरामला आणि मला वाढवलं तसंच तुलाही वाढवलं. काशीराम आणि तू एका कंदिलाखाली बसायचात, तो झोपायचा आणि तू वाचायचास. आता त्याच्यासाठी वाच. दाजी रोज विचारतात, "दयारामाचा कागद आला का?"

तुझी ताई,
चंद्रावती

---

गिरगाव, मुंबई, ३१ मार्च १९५०

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही, पण खोटं कशाला बोलू, रात्री उशिरा मन जरा वर आलं. ताई, हे दोन महिन्यांपूर्वी घडलं असतं तर मी हात टेकले असते. आता आपल्याकडे घटना आहे. सव्वीस जानेवारीला तुम्ही शाळेत पेढे वाटले असतील. ते कशाचे पेढे होते ते मी आता तुला सांगतो.

इंग्लंडात सातशे वर्षांपूर्वी एक राजा होता. मनात येईल त्याला कोठडीत टाकायचा. सरदारांनी त्याला घेरून एका कराराला मान्यता द्यायला लावली, की कुठल्याही मोकळ्या माणसाला कायद्याशिवाय धरणार नाही. राजेलोक करार करतात आणि विसरतात. म्हणून पुढे तिथल्या कोर्टांनी एक हुकूम काढायला सुरुवात केली. त्याचं नाव हेबियस कॉर्पस. लॅटिन आहे, अर्थ असा की ज्याला धरलंस त्याला आमच्यापुढे सदेह हजर कर आणि कुठल्या अधिकाराने धरलंस ते सांग. तुरुंगाधिकारी असो की राजाचा खासा प्रधान असो, त्याला उत्तर द्यावंच लागतं. उत्तर बरोबर नसेल तर माणूस तिथल्या तिथे सुटतो. पुढे त्याचा पक्का कायदा झाला. साहेबाने तो इकडे आणला, पण अर्धा. लढाईच्या काळात माणसं धरली आणि कोर्टाने नियम रद्द ठरवला, तर साहेबाने रातोरात नवा वटहुकूम काढला. आता तसं चालणार नाही. आता हा हक्क आपल्या घटनेत लिहिलेला आहे, हायकोर्टाला कलम दोनशे सव्वीस, दिल्लीच्या कोर्टाला कलम बत्तीस. नांदखारचा काशीराम आणि त्याला धरणारं सरकार एकाच कठड्याशी उभे राहतील.

मी ज्यांच्या हाताखाली काम करतो ते वकीलसाहेब फुकट उभे राहायला तयार आहेत. फक्त काशीरामला का धरलं याचा कागद सरकारने त्याला दिला पाहिजे, तो दिला की नक्कल पाठव. आणि दाजींना सांग, मिठाची गुळणी धरून बसणाऱ्यांसाठी हा कायदा नाही. जो तोंड उघडून विचारतो त्याच्यासाठी आहे.

तुझा,
दयाराम

---

पनवेल, ११ एप्रिल १९५०

चि. दयारामास आशीर्वाद.

तुझं पत्र मी नांदखारला जाऊन दाजींच्या ओट्यावर मोठ्याने वाचलं. अर्धं गाव जमलं होतं. तुझ्या राजाची गोष्ट लोकांना फार आवडली. दाजी म्हणाले, "त्या राजाला बी गावकीपुढं उभा केला म्हना की." मिठाच्या गुळणीचं वाक्य मला दोनदा वाचायला लावलं.

काल मी आणि दाजी घाटावर जाऊन आलो. काशीराम बरा आहे. वाळलाय. मधे जाळी, बाजूला शिपाई, त्यामुळे बोलणं काय होणार? "मालूला सांग, उघाडीची फळी बदलायची राहिली हाय," बांधातून पाणी सोडायच्या दाराचं हे एवढंच त्याने तीनदा सांगितलं. दाजी जाळीतून त्याची बोटं धरून उभे होते. परतताना वाटेत म्हणाले, पोराच्या हाताला मिठाचे घट्टे होते ते मऊ पडले.

त्याला मिळालेला कागद मी उतरवून घेतला. सगळा मिळून एवढाच आहे:

"तुम्ही गेल्या काही दिवसांत खाडीभागात ठिकठिकाणी लोकांना हत्यारांसह जमा केलेत, त्यांना चिथावणी दिलीत, आणि त्यामुळे सार्वजनिक शांततेला धोका उत्पन्न झाला आहे. सबब तुम्हास स्थानबद्ध करण्यात येत आहे. याविरुद्ध तुम्हास सरकारकडे निवेदन करता येईल."

हे वाचून मला आधी काही उमगलंच नाही. दाजींना लगेच उमगलं. फाल्गुनी अवसेला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी उधाण चढलं, खाडीच्या बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतात शिरायला लागलं. काशीरामने डबा वाजवला. तू बांधावरचा डबा विसरला नसशील. डबा वाजला की घरटी एक माणूस फावडं, कोयता, पहार, मिळेल ते घेऊन धावतो. लग्नातला नवरा असला तरी बाशिंग काढून ठेवतो. न येणाऱ्याला गावकी वर्षभर तोंड दाखवू देत नाही. दीडशे माणसं ओरडत बांधाकडे धावली, आणि पलीकडे मिठागराच्या भांडणासाठी पोलीस तळ देऊन बसले होते. त्यांनी फावडी पाहिली. पाणी कुठे पाहिलं त्यांनी?

आता सगळं सोपं झालं की नाही सांग.

चंद्रावती

---

गिरगाव, १५ एप्रिल १९५०

ती. ताईस नमस्कार.

कागद मिळाला. वकीलसाहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि हसले. म्हणाले, "दयाराम, तुझा भाऊ सुटला."

का ते सांगतो. घटनेत असं आहे की धरलेल्या माणसाला कारणं कळवली पाहिजेत, म्हणजे त्याला त्यांचं उत्तर देता येईल. आता हा कागद बघ. तारीख नाही. गाव नाही. कुठली हत्यारं, कोण माणसं, काय चिथावणी, काही नाही. याला उत्तर द्यायचं तरी कसं? धुक्याला दगड मारता येतो का? इतकी मोघम कारणं दिली तर हायकोर्ट माणूस सोडतं. या दोन महिन्यांत सोडलेत.

म्हणून एक गोष्ट नीट ऐक आणि दाजींनाही समजावून सांग. बांध, उधाण, डबा, यातलं काही कुणाला लिहून द्यायचं नाही. निवेदन करायचं नाही. ते खरं आहे म्हणूनच करायचं नाही. आपण गप्प राहिलो तर सरकारला कोर्टात सांगावं लागेल की आरोप नक्की कशाबद्दल आहे, आणि ते त्यांना सांगता येणार नाही. मी पुढच्या आठवड्यात अर्ज दाखल करतो.

गेल्या पत्रात मी उत्साहाच्या भरात बरंच काही लिहिलं. त्यापेक्षा हे चार शब्द महत्त्वाचे आहेत.

दयाराम

---

पनवेल, १५ एप्रिल १९५०

चि. दयारामास,

तुला पत्र लिहून चार दिवस झाले, उत्तराची वाट न पाहता पुन्हा लिहिते, कारण बातमी चांगली आहे. सरकारने विचारलं आणि आम्ही गप्प बसलो, असं झालं नाही. निवेदन गेलं.

त्याचं असं झालं. गुरुवारी गावकी बसली. पंचांनी सांगितलं, आरोप आला आणि माणूस बोलला नाही तर आरोप खरा, हा आपला पहिल्यापासूनचा कायदा आहे. सरकार तरी दुसरं काय समजेल? दाजी म्हणाले, "दयारामानं बी तेच लिवलंय. गुळनी धरू नका." मग मी लिहायला बसले. सात वर्षं मुलींना निबंध शिकवते, तेव्हा जरा चांगलाच लिहिला. कुठल्या दिवशी, कुठल्या प्रहरी, कुठल्या बांधावर, खांड किती रुंद, डबा कोणी वाजवला. खाली बांधावर आलेल्यांची नावं. बांधावर आलेल्याचं नाव घेतलं नाही तर त्याचा केवढा अपमान, तू जाणतोसच. प्रत्येकाने समोर उभं राहून नाव घालून घेतलं आणि अंगठा उठवला. गुणाबाईचा जावई त्या दिवशी आपटा गावी गेला होता, तरी त्याने भांडून नाव घालायला लावलं. म्हणाला, "लोक काय बोलतील? डबा वाजला आनी हा आला नाय?" मला हसू आवरेना. बऱ्याच दिवसांनी हसले.

काल विठू तांडेल घाटावर गेला आणि काशीरामची सही घेऊन आतल्या साहेबाकडे कागद दिला. काशीरामने वाचून घेतलं आणि म्हणाला, एक नाव राहिलंय, भामाच्या सासऱ्याचं, तो म्हातारा बी आला व्हता. ते त्याने स्वतःच्या हाताने घातलं.

आता तुझ्या कोर्टाला आयतंच सगळं मिळेल.

चंद्रावती

---

गिरगाव, १७ एप्रिल १९५०

ताई,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना चुकली. तो कागद परत मिळाला तर परत घे. तुरुंगातून पुढे गेला नसेल तर काशीरामला म्हणावं, मी निवेदन मागे घेतो. आजच्या आज कुणाला तरी पाठव. कारण विचारू नकोस, माझं आधीचं पत्र आतापर्यंत पोचलं असेल, त्यात आहे.

दयाराम

---

पनवेल, २४ एप्रिल १९५०

चि. दयारामास,

कागद गेला होता. विठू पोचला तेव्हा आतल्या कारकुनाने सांगितलं, कागद दिला त्याच दिवशी टपाल निघालं.

तुझं पत्र मी दाजींना वाचून दाखवलं नाही. दाखवून काय सांगू? खरं सांगितलं म्हणून पोरगा अडकला, असं? दयाराम, मी तुझ्यावर रागावले आहे आणि रागावण्याचा हक्क मला नाही, हेही मला कळतं. तू गुळणीचं लिहिलंस ते मी ओट्यावर बसून दोनदा वाचलं. तू राजापासून सुरुवात केलीस. आधी चार शब्द लिहिले असतेस की काही लिहून देऊ नका, आणि राजा मागाहून पाठवला असतास, तर काय बिघडलं असतं?

दुसरं. पोलीस नांदखारला आले. आमच्या कागदातल्या नावांप्रमाणे एकेकाला चौकीवर बोलावतात. मारत नाहीत. सकाळी बसवतात, संध्याकाळी सोडतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात. सोडताना प्रत्येकाकडून लिहून घेतात की डबा वाजला तरी मी जमावात जाणार नाही. अंगठे तेच, कागद दुसरा. गुणाबाईच्या जावयालाही बोलावलं. तो म्हणतो मी आपट्याला होतो, तर म्हणाले, मग नाव कसं? गुणाबाई मला विहिरीवर भेटली आणि पाणी न भरताच परत गेली.

अर्ज दाखल केलास का? तेवढंच कळव.

चंद्रावती

---

गिरगाव, २३ जून १९५०

ती. ताईस नमस्कार.

काल काय झालं ते दाजी तुला सांगू शकणार नाहीत, म्हणून मी लिहितो. ते आज सकाळच्या एस.टी.ने निघाले. मी ठाण्यापर्यंत सोबत गेलो.

ते येणार हे मला ठाऊक नव्हतं. कोर्टाच्या दारात पाहतो तर दाजी. धुतलेलं धोतर, डोक्याला तांबडी टोपी, हातात काशीरामचा सदरा आणि सुक्या बोंबलांची पुरचुंडी. मी लिहिलं होतं ना, माणसाला हजर करावं लागतं. ते पोराला भेटायला आले होते. पण ताई, तसं होत नाही. आता कागद पाहूनच ऐकतात, माणसाला आणत नाहीत. हे मला माहीत होतं आणि लिहायचं सुचलं नाही. दाजी दरवाजाकडे तोंड करून बसले. दार उघडलं की उठायचे.

वकीलसाहेब उत्तम बोलले. कारणं मोघम आहेत, तारीख नाही, ठिकाण नाही, याला कोण उत्तर देणार? न्यायमूर्ती मान हलवत होते. मग सरकारी वकील उभे राहिले. हातात तुझा निबंध होता. म्हणाले, अर्जदाराला कारणं नीट समजलेली आहेत. त्याने स्वतः तारीख दिली, प्रहर दिला, जागा दिली, दीडशे माणसांची नावं दिली. इतकं तपशीलवार उत्तर ज्याने दिलं, त्याला काय विचारलंय ते कळलं नाही असं कोण म्हणेल? आमचे वकीलसाहेब म्हणाले, पण उत्तरात बांध फुटल्याचं लिहिलंय. न्यायमूर्ती शांतपणे म्हणाले, ते खरं असेलही. पण धोका होता की नाही हे ठरवणं कायद्याने अधिकाऱ्यावर सोपवलेलं आहे. त्याचं समाधान झालं होतं का, एवढंच आम्ही पाहू शकतो. ते बरोबर होतं का, हे नाही.

तेव्हा दाजी उभे राहिले. हात जोडून मोठ्याने म्हणाले, "सायेब, पानी आत आला असता." पट्टेवाल्याने त्यांना खाली बसवलं. न्यायमूर्तींनी विचारलं, ते गृहस्थ काय म्हणाले? वकीलसाहेब म्हणाले, काही नाही. अर्ज फेटाळला.

मी तुला घटनेतली दोनशे सव्वीस आणि बत्तीस ही कलमं सांगितली होती. बावीस सांगितलं नव्हतं. त्यात खटल्याशिवाय माणूस ठेवता येतो, आणि नव्या कायद्याप्रमाणे असल्या कारणासाठी वर्षभरही. मी ते वाचलं होतं. आपल्याला लागू पडेल असं वाटलं नाही. आणखी एक वाचलंय ते लिहून टाकतो. हा हुकूम सुरुवातीला माणूस सोडवण्यासाठी नव्हताच. राजाच्या कोर्टाला कुणी हवा असला की त्याला ओढून आणायला काढत. सोडवण्याचं काम त्याच्याकडून लोकांनी पुढे, पिढ्यानपिढ्या भांडून करून घेतलं. माझ्या पहिल्या पत्रात हे एका परिच्छेदात होऊन गेलं होतं.

बोंबील दाजींनी माझ्याकडे ठेवले. सदरा परत नेला.

दयाराम

---

तार, पनवेल, १४ ऑगस्ट १९५०

दाजी बुडून गेले. प्रेत ठेवलं आहे. काशीरामला एका दिवसासाठी आण. चंद्रावती

---

गिरगाव, १७ ऑगस्ट १९५०

ताई,

तार चौदाला रात्री मिळाली. पंधराला सकाळी सात वाजता मी सचिवालयाच्या दारात होतो. बंद. स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. एका पहारेकऱ्याने साहेबाच्या बंगल्याचा पत्ता दिला, तिथे गेलो, साहेब झेंडावंदनाला गेले होते. तिथून वकीलसाहेबांकडे. त्यांनी अर्ज लिहून दिला. रस्त्याने शाळेतली पोरं कागदी झेंडे घेऊन चालली होती आणि मी त्यांच्यातून धावत होतो. सोळाला अर्ज घेतला. म्हणाले, तुरुंगाचा अभिप्राय मागवतो. मी म्हटलं, घरात प्रेत आहे, पावसाळा आहे. त्यांनी अर्जावर 'तातडीचे' असा शिक्का मारला.

अजून काही आलेलं नाही. मला लिही की तुम्ही थांबला नाहीत.

दयाराम

---

पनवेल, २८ ऑगस्ट १९५०

चि. दयारामास,

आम्ही एक रात्र थांबलो. त्याहून थांबणं शक्य नव्हतं. अग्नी काशीरामच्या जागी चुलतभाऊ महादेवाने दिला. काशीरामला सोडण्याची परवानगी पंचवीस तारखेला आली, म्हणजे बाराव्याला. परवानगी 'अंत्यविधीसाठी' होती. अंत्यविधी होऊन गेल्यामुळे ती लागू नाही, असं तुरुंगाने कळवलं. त्याला बाप गेल्याचं त्या कागदानेच कळलं.

कसं झालं ते तुला सांगायला हवं, तू त्या घरचा आहेस. दिव्यांच्या अवसेचं उधाण होतं, वर पाऊस, वारा समोरून. दुपारी बांधाला खांड पडली, आधी एका हाताएवढी. दाजींनी डबा घेतला आणि गावातून वाजवत गेले. दारं उघडली. माणसं दारात आली. कोणी उंबरा ओलांडला नाही. मालू सांगते, दाजी एकेका दारापुढे थांबायचे आणि नाव घेऊन हाक मारायचे. ज्याचं नाव घेतील तो मागे सरकायचा. विठू तांडेल म्हणाला, "दाजी, अंगठा दिलाय." दाजी म्हणाले, "मी नाय दिला." आणि एकटे फावडं घेऊन गेले. मालू मागे धावली, तिला बायकांनी धरून ठेवलं.

खांड रुंदावली आणि बांधाचा तो तुकडा त्यांच्यासकट गेला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला उघाडीच्या फळीशी सापडले.

आता गाव रडतंय. तिरडीला झाडून सगळे आले. मी कोणाला काही बोलले नाही, कारण त्यांची नावं मी माझ्या हाताने लिहिली होती. नंतर सरकारी चिठ्ठी आणून, पोलिसांसमोर, हजेरी देऊन त्यांनी खांड बुजवली. पण शेतात खारं पाणी उभं राहिलंय. तीन वर्षं तरी भात नाही.

तू पुस्तकं मिटून बसला असशील. बसू नकोस. काशीराम अजून आत आहे.

चंद्रावती

---

गिरगाव, १२ मार्च १९५१

ती. ताईस नमस्कार.

या सहा महिन्यांत मी तीन अर्ज केले आणि एकही तुला कळवण्यासारखा नाही. आता कळवण्यासारखं आहे. हुकमाचं वर्ष चोवीस मार्चला भरतं. नवा हुकूम काढतील अशी भीती होती, पण काल कळलं की काढणार नाहीत. म्हणजे त्याला सोडतील. कुणी सोडवलं म्हणून नाही, दिवस भरले म्हणून.

तो आला की मला लिही. मला नांदखारला यायचं आहे, पण त्याच्यासमोर कसा येऊ कळत नाही. तो मला काही बोलणार नाही, त्याचीच भीती वाटते.

दयाराम

---

पनवेल, ८ एप्रिल १९५१

चि. दयारामास,

काशीराम चोवीसला संध्याकाळी आला. स्टँडवर मी आणि मालू गेलो होतो. मालूने भाकरतुकडा ओवाळून टाकला, तो उभा राहिला. घरी आला, दाजींच्या फावड्याकडे बघितलं, जेवला, झोपला. मी मनात म्हटलं, सुटलो.

मग दिवसेंदिवस तो तसाच. विचारलं तेवढंच बोलतो. शेत पांढरं पडलंय, तिथे जात नाही. मिठागरावर बोलावणं आलं, तिथे खाली मान घालून जातो. कोणी नवा माणूस दिसला की आत येतो. गावातली माणसं त्याला बघायला यायची, ओशाळून बसायची, उठून जायची. गुणाबाईसुद्धा आली होती. तो कोणाला एक वाकडा शब्द बोलला नाही. तू म्हणत होतास त्यापेक्षाही कमी बोलला.

परवा फाल्गुनी अवस होती. पाडव्यासाठी मी नांदखारला गेले होते. दुपारी पाणी चढलं आणि उघाडीच्या कडेने आत झिरपायला लागलं. मोठं काही नव्हतं. दहा माणसांचं, तासाभराचं काम. माणसं दारांत आली. ती पाण्याकडे बघत नव्हती, दयाराम, आमच्या ओट्याकडे बघत होती. मला दिसत होतं. विठू तांडेल तर फावडं हातात घेऊन उभा होता. काशीरामने डबा वाजवला असता तर या खेपेस सगळे आले असते, अंगठा दिलेला असो वा नसो. मला याची खात्री आहे आणि ती मी मरेपर्यंत सोडणार नाही.

काशीराम दोरी वळत बसला होता. बसूनच राहिला. शेवटी मालू उठली आणि आतून डबा घेऊन आली. तिने एकदा वाजवला. तेव्हा तो उठला. मला वाटलं, आता तिच्याकडून घेतो आणि जातो. समोरची माणसं ओट्यावरून खाली उतरली. त्याने डबा घेतला, आत नेला, खाटेखाली सारला आणि दार लावून घेतलं. मालूला म्हणाला, "नको. नावं लिवतात."

गेल्या पावसाळ्यात वाचलेलं गुणाबाईचं शेतही खाऱ्या पाण्यात गेलं. संध्याकाळी ओहोटी लागली.

रात्री तो माझ्याजवळ येऊन बसला. मला बरं वाटलं, काहीतरी बोलेल असं वाटलं. हळूच म्हणाला, "ताई, तू चार दिस र्‍हा, पन इथं काय लिवू नको. कोनाला कागद धाडू नको." मी त्याला शब्द दिला.

तो पाळायचा होता, पण तुला कळवल्याशिवाय राहवेना, म्हणून पनवेलला आल्यावर लिहिते आहे. तू नांदखारला ये. वकील म्हणून नको, त्याच्या शेजारी बसायला ये. येणार असलास तर शाळेच्या पत्त्यावर कळव. पाकिटात घाल, कार्ड नको, आणि त्यात कोणाचंही नाव लिहू नकोस.